सागाची पानं

गोंदियात वायफायच्या सामानाच्या दुकानात मी खोळंबून उभा होतो. पुढे देवरीकडच्या एका टोलीतली, म्हणजे गावाबाहेरच्या छोट्या वस्तीतली, म्हातारी होती. तिनं पिशवीतून पांढरा डब्बा काढून काउंटरवर ठेवला.

"गुलशनबाबू, याच्यापेक्षा दूर फेकणारा डब्बा दे."

"काऊन काकी? फागुनात लावला तेव्हा तर गावातून तुमच्या टोलीपर्यंत मस्त नेट येत होता."

"आता येऊनच नाही राहिला. सारी टोली एकाच नेटवर, तं मले वाटलं गर्दीनं बंद पडला. मी साऱ्यांचे मोबाईल नेटवरून काढायले लावले. आता टोलीत कोणी माह्याशी बोलत नाही."

"अन् मग नेट आला?"

"कायचा येते!"

"गाव अन् टोलीच्या मधात काय आहे?"

"फॉरेस्टचे साग."

"मग तेच ना, काकी. तेव्हा झाडं उघडी होती, आता पानं आली. पानाच्या गर्दीतून सिग्नल जात नाही. कितीही भारी डब्बा घ्या."

"उंच खांबावर बांधला तं?"

"सागाच्या वर जाईल एवढा खांब कुठून आणता?"

"मंग गुंजनले तिचा बाप कसा दिसंल? पोरगी सरहद्दीवर, सुट्टी भेटत नाही. तिचं तोंड मोबाईलवर पाहिलं तं बुढा दोन घास खाते."

"फालतू खर्चा कायले करता? थोडं थांबा. फागुनात पानं झडली का हाच डब्बा पुन्हा चालंल."

"तुह्या काकाले डॉक्टरनं दिवाळीपर्यंतच सांगितलं, बाबू. तू भारीवाला काढ."