तुले कुठं पाप लागतं

माहं माहेर बोदवडापासून जवळच, केळी-कपाशीवालं घर, मी मोठी न सुभाष धाकटा, दोघंच आम्ही. लगन झाल्यापासून मी बोदवडात, घराखाली पिठाची गिरनी हाय, ती मीच चालवते. देवाचं म्हनसान तर ते मले लहानपनापासूनच नई. लोकं इचारतात, अक्का, असं काय दुख झालं की तुम्ही देव सोडला? अहो काही नई झालं. एखाद्याले कारलं आवडत नई, तसं. मायनं उपास करायले लावले, मी केले, मायसाठी. माय गेली, उपास बी गेले. सासरच्यांनी चार दिवस तोंडं वाकडी केली, मंग सवय झाली त्याइले.

हां, तर सुभाषचं सांगत व्हती. आमच्या वावरापलीकडे दगडूनानाचं वावर, त्याले जायले आमच्याच वावरातून जुनी गाडवाट. माहं लहानपन त्या वाटेवर गेलं, माह्या बापासंगं, आबासंगं, बैलगाडीत बसून. दगडूनाना म्हंजे काय सांगू तुम्हाले, लय खवट मानूस, आम्ही त्याच्या बांधावरच्या बोरी झोडायचो तर ढेकळं मारायचा, एक माह्या कपाळाले लागलं, हे पाहा, डाग हाय अजून. तर यंदा सुभाषनं ती वाट नांगरून टाकली, तिच्यावर केळी लावली, न म्हने इथं वाट नव्हतीच कधी. इकडे नानाची केळी कापनीले आलेली. गाडी वावरात जाईना, घड डोक्यावर किती वाहतीन? व्यापारी म्हने, रस्ता करा मंग बोलवा. केळी काही थांबत नई, झाडावरच पिकू लागली.

कोर्टात कोन जाईन, वर्सं जातात. गावातल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, खंडेरावाच्या देवळात बेलभंडार उचला. हातात बेलाचं पान न हळद घेऊन जे सांगतीन ते खरं, भांडन मिटलं. नाना म्हने, सुभाषच्या घरातल्या कोनीबी, लगन झालेल्या लेकीनं बी, उचलावं, मी मान्य करतो.

दुसऱ्याच दिवशी सुभाष गिरनीवर हजर. आला, बसला, च्या पिला, म्हने, अक्का, बेल तू उचल. मी म्हनली, मी काऊन, वावर तुहं. तर एवढा घोडा झालेला मानूस, खाली पाहून म्हने, मी खोटा बेल उचलला तर माह्या पोराबाळाले लागीन. तुहं काय, तू देव मानतच नई, तुले कुठं पाप लागतं!

मले पहिले हसूच आलं. म्हनली, वाट व्हती का नई? म्हने, व्हती ना, पन ते तुले-मले न नानाले सोडून कोनाले माहीत? मी म्हनली, मंग नानाची केळी सडू राहिली ते वाईट नई का, त्याले देव कशाले पाहिजे? तर म्हने, अक्का, चांगलं-वाईट हे देव माननाऱ्याइले, तुले काय, तुले सगळं सारखंच. हे मले लागलं. राग आला, खरं सांगते. इतकी वर्सं राखी बांधली, न यानं मले हे समजलं.

देवळात गेली मी. सरळ सांगितलं, वाट व्हती, आबाच्या गाडीत बसून मी त्या वाटेनं गेली हाय. तर म्हातारे म्हने, असं नई चालत अक्का, बेल उचलून सांग. मी म्हनली, अहो, मी नई मानत. म्हने, आम्ही मानतो ना. आता काय करता? उचलला. माह्यासाठी ते नुसतं पान न हळद. तेच पुन्हा सांगितलं. सुभाष चपला घालून निघून गेला, मांगं पाहिलं नई. नानानं बी आभार मानले नई, उलट म्हने, आता नांगरलेलं सपाट कोन करीन.

आन् गंमत पाहा, गावभर काय झालं, तर अक्काले खंडेरावानं खरं बोलायले लावलं. देव नई म्हननारी, हातात बेल येताच थरथरली. मी कुठं थरथरली?

आता आखाजी आली, तुमची अक्षय तृतीया. आमच्याकडे आखाजीले लेक माहेरी जातेच, लगन झाल्यापासून माही एक आखाजी चुकली नई. यंदा सुभाष न्यायले आला नई. काल भावजयीचा फोन आला, रडत व्हती. म्हने, अक्का, त्याइचा राग उतरला, ते म्हनतात, अक्का देवाले भ्याली असीन तर माहं काही म्हननं नई, मी बी भ्यालोच असतो. तुम्ही फक्त तेवढं म्हना, मी भ्याली, उद्या गाडी घेऊन येतात.

किती सोपं व्हतं सांगा. एक शब्द, त्यानं कोनाचं नुकसान बी नई. पन मी म्हनली, बाई, मी भ्याली नव्हती. मंग म्हनली, सांजोऱ्या कर, सुभाषले तूप जास्त वाढ, न फोन ठेवला.

माहेर तुटलं त्याचं वाईट वाटते हो, लय वाईट वाटते. पन मी भ्याली म्हनली असती तर त्याचंच खरं झालं असतं ना, की देव नसला तर मानूस काहीबी करतो. जाऊ द्या. त्याची केळी चांगली येवो, पोरंबाळं सुखात राहोत. कोनाले सांगून मांगते ते मले माहीत नई, पन मांगते.