आतलं कुलूप

दुरुस्ती केंद्रात नंबराची वाट बघणाऱ्या शिक्षिकेला खिडकीपाशी चाललेलं सगळं ऐकू येत होतं. शिवणकाम करणाऱ्या एका काकूंनी आपला कृत्रिम हात तंत्रज्ञापुढे ठेवला होता.

“काल कात्री धरत होता, आज मूठच उघडत नाही.”

“कंपनीने हे मॉडेल बंद केलंय, काकू. नवीन घ्या.”

“अहो, हात धडधाकट आहे!”

“हात तुमचा, आतला प्रोग्रॅम कंपनीचा. तो त्यांनी काल रात्री बंद केला.”

“मग तो उघडून द्या. माझी भाची प्रोग्रॅम लिहिते, ती बघेल.”

“त्याला कुलूप आहे. उघडलं तर माझी नोकरी जाईल.”

“आणि नाही उघडलंत तर माझं काम जाईल.”

तंत्रज्ञाने तो कृत्रिम हात आपल्याकडे ओढून घेतला.

“भाचीला फोन लावा,” तो हळूच म्हणाला. “मी सांगतो ते लिहून घेऊ दे.”

शिक्षिका उठली आणि तिने बाहेरचं दार लोटून घेतलं.