नळ सोडून

दादा : किती वेळ झाला त्याला आत जाऊन?

बायको : हळू बोल, दादा. नळ सोडलाय ना? तो सुटला की पुढचं सगळं मला पाठ आहे.

दादा : अगं, हातपाय धूत असेल नवरा तुझा. प्लंबर माणूस, दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत हात घालून येतो.

बायको : हात धुताना पाण्याचा आवाज बदलतो. हे नुसतं बादलीत पडतंय. तो प्यायचा तेव्हाही अस्संच पडायचं, बाटलीचं झाकण फिरवल्याचं मला ऐकू येऊ नये म्हणून. मी नर्स, रोज वॉर्डात असली माणसं बघते, आणि घरातलं मला कळलं नाही. उलट नवऱ्याला स्वच्छतेची आवड लागली म्हणून कौतुक सांगत फिरले.

दादा : पण आता तो चर्चच्या मागच्या खोलीत बसतो ना, दारू सोडलेल्यांबरोबर? पाळकसाहेब स्वतः म्हणाले मला, कधी चुकवत नाही म्हणून.

बायको : पाळकसाहेब तिथे बघतात. इथला नळ त्यांना ऐकू येत नाही.

दादा : बॅग भरलीस?

बायको : माझी आणि पोरीची. ती शेजारी खेळतेय. एक खोटं सापडलं की मी निघाले, हे सांगूनच त्याला परत घरात घेतलं होतं.

दादा : गाडी खाली उभी आहे. ओ जावईबापू! या बाहेर! टाकी रिकामी करणार का सगळ्या बिल्डिंगची?

बायको : नळ बंद केला. कडी काढतोय बघ.

प्लंबर : दादा? तुम्ही कधी आलात?

बायको : श्वास सोड.

प्लंबर : काय?

बायको : माझ्या तोंडासमोर. सोड.

प्लंबर : हाऽऽ. झालं?

बायको : पेपरमिंट. हेही काही नवीन नाही.

दादा : बाजूला व्हा जरा. फ्लशच्या टाकीत बाटली ठेवायचे ना हे, तू म्हणाली होतीस?

प्लंबर : दादा, झाकण जपून, तडकलंय ते.

दादा : प्लंबरच्याच घरी तडकलेलं! हं... ही बघ. आहे! ही काय म्हणायची, जावईबापू?

प्लंबर : बाटली.

दादा : ते मलाही दिसतंय.

प्लंबर : पाण्याची आहे. उघडा, वास घ्या, हवं तर ओता. भरलेली बाटली टाकीत उभी केली की दर वेळी तेवढं पाणी कमी जातं. प्रत्येक गिऱ्हाइकाकडे ठेवतो मी.

दादा : वास तर नाही. तू बघ.

बायको : आण इकडे. ... पाणीच आहे.

दादा : म्हणजे मी उगाच बाही भिजवली.

बायको : थांब, दादा. मला एक सांग रे तू. टाकीतलं एवढंसं पाणी वाचावं म्हणून बाटली ठेवतोस, आणि नळ मात्र धो धो सोडून बसतोस?

प्लंबर : बादलीत पडतं ते.

बायको : बादली केव्हाच भरली. वाहत होती, मी ऐकलं. काय करत होतास आत?

प्लंबर : काही नाही.

बायको : दादा, बॅग उचल.

प्लंबर : प्रार्थना करत होतो.

दादा : बाथरूममध्ये?

प्लंबर : या घरात आतून कडी लागणारं दुसरं दार कुठे आहे?

बायको : नवीन आहे, पण थापच आहे. प्रार्थनेला कडी कशाला लागते? नळ कशाला?

प्लंबर : तू ऐकशील म्हणून.

बायको : मी? लहानपणापासून प्रार्थना म्हणत आले मी. माझ्यापासून लपवायची?

प्लंबर : तुझ्यापासूनच. तू पलंगाशी गुडघे टेकलेस की मी काय म्हणायचो, सांगू दादांसमोर? ‘जोरात बोल, तुझा देव बहिरा आहे.’ वर पोरीला तुझी नक्कल करून दाखवायचो. ती हसायची. मग एक दिवस तू पलंगाशी बसणंच सोडलंस. आता त्याच जागी मी कुठल्या तोंडाने बसू? दारूची बाटली लपवताना एवढी लाज नव्हती वाटत.

दादा : मग त्या खोलीत नाही वाटत?

प्लंबर : तिथे सगळे माझ्यासारखेच घाण करून आलेले, दादा. एक म्हातारा सुतार आहे. त्याला विचारलं, काम संपवून पाना पिशवीत टाकला की घसा कोरडा पडतो, तेव्हा करू काय? म्हणाला, गुडघ्यावर बस. गुडघ्यावर बसलेला माणूस दुकानापर्यंत चालत जात नाही. मला हसू आलं. पण बसून बघितलं. तल्लफ जात नाही लगेच. फक्त तिच्याबरोबर मी एकटा नाही उरत. प्रभू असतो तिथे, असं वाटतं. खरंच वाटतं.

बायको : म्हणून दाखव.

प्लंबर : काय?

बायको : आत जे म्हणत होतास ते. इथे, आत्ता. विश्वास बसलाय म्हणून नाही सांगत. मला खात्री करायचीय.

दादा : अगं, असली परीक्षा कोणी घेतं का?

बायको : तू गप्प बस, दादा.

प्लंबर : ‘प्रभू, दुकानावरून सरळ पुढे आणलंस, बरं केलंस. रात्रही निभावून ने. पोरीला माझी भीती वाटते, ती कमी कर.’ एवढंच. मग आपली नेहमीची, प्रभूची प्रार्थना.

बायको : तीही म्हण.

(तो डोळे मिटून, अडखळत म्हणतो.)

बायको : मधली ओळ गाळलीस.

प्लंबर : हो.

बायको : रोज म्हणणारा विसरत नाही.

प्लंबर : विसरलो नाही. क्षमेची ओळ आहे ती. तिथे आलो की पुढची पकडतो. तुझ्याकडे अजून मागितली नाही, मग त्याच्याकडे आधी कशी मागू?

दादा : मी... मी जरा गाडी नीट लावून येतो. वाटेत उभी आहे.

बायको : बॅग राहू दे.

दादा : रिकामी करतेस?

बायको : नाही. भरलेलीच राहू दे, कोपऱ्यात.

प्लंबर : मागू का आता?

बायको : नको. आत्ता मागितलीस तर नाही म्हणेन मी.

प्लंबर : बरं.

बायको : उद्या पलंगाशी बस. ती ओळ गाळलीस तरी चालेल. नळ मात्र बंद ठेव.