मयताला नवं कापड

मंडळी,

आधी या फोटोचा हिशेब सांगतो. तेवढं मला जमेल. बाकी आज बोलणं जड आहे.

गजानन खटावकरचा एकट्याचा फोटो कुठंच मिळाला नाही. वहिनींकडं नाही, माझ्याकडं नाही. शेवटी कुणाच्या तरी सत्काराच्या ग्रुपफोटोत सापडला. अगदी कडेला, मानपत्र धरून उभा. फोटोग्राफरनं तेवढा कापून मोठा केला. नीट बघा, डाव्या अंगाला कोटाची एक बाही दिसतेय. ती सरपंचांची. म्हणजे या एका फोटोपायी एक सरपंच खर्ची पडला. गजाननसाठी कुणी सरपंच बाजूला सरकलेला मी पहिल्यांदाच बघतोय.

हसू आलं तर हसा. त्याला चाललं असतं.

मी छापखानेवाला. शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिकलो ते अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता. पण कान चांगले आहेत. सभेत कोण बोलतंय हे डोळे मिटून सांगतो, आणि कुणाचं लिहिलेलं बोलतंय तेही सांगतो. सातारा-सांगलीत बहुतेक वेळा उत्तर एकच यायचं. गजाननचं.

मघाशी आबासाहेब बोलले. सोसायटीचे अध्यक्ष, कामं टाकून आले. म्हणाले, "त्यांनी तहानलेल्या शिवाराला पाणी दाखवलं." मागच्या रांगेत दोघांनी डोळे पुसले. छान बोलले आबासाहेब. त्या वाक्याकडं मी परत येतो.

गजानन खंडाळ्याकडं शाळामास्तर होता. कायम नोकरी. ती सोडून आला आणि माझ्या छापखान्यातल्या बाकावर बसला. म्हणाला, "आजपासून मी स्वतंत्र लेखक."

मी म्हटलं, "स्वतंत्र म्हंजे रं काय?"

"कुणाचा नोकर न्हाई."

मंडळी, त्या दिवसापासून तो तुमच्या-माझ्या सगळ्यांचा नोकर झाला.

लग्नसराईत मंगलाष्टकं. त्यात नवरीचे सगळे मामा वृत्तात बसले पाहिजेत. एक राहिला की मांडवात भांडण. निवडणुकीत दोन्हीकडची भाषणं. सकाळी एकाच्या तोंडून दुसऱ्याला शिव्या, दुपारी दुसऱ्याच्या तोंडून पहिल्याला. त्या दिवसांत हा मला भजी खाऊ घालायचा आणि वर पान लावून द्यायचा. मग चातुर्मास लागायचा, लग्नं बंद. आणीबाणी आली, निवडणुका बंद. तेव्हा माझ्या बिघडलेल्या छपाईच्या कागदांवर, मागच्या कोऱ्या बाजूला, आपली कादंबरी लिहीत बसायचा. ती पुण्याला जायची आणि परत यायची. पोस्टमनसुद्धा म्हणायचा, "मास्तर, पोरगी सासरी नांदंना व्हय?"

मी विचारलं, "आता कसं रं?"

म्हणाला, "माणसं मरायची थांबल्यात का?"

आणि खरंच, त्याच्यावर जगला. शोकसभांच्या भाषणांवर. गिऱ्हाईक माझ्या दारात यायचं.

"कोण गेलं?"

"चुलतं आमचं."

"माणूस कसा होता?"

"चांगला व्हता."

"चांगला म्हंजे काय करायचा?"

"आवं मास्तर, मेला न्हवं? मग चांगलाच की आता."

दुसऱ्या कुणी एवढ्यावर लिहून दिलं असतं. गजानन उठायचा, एस.टी. धरायचा, मयताच्या घरी जायचा. कोपऱ्यात बसलेल्या म्हातारीला विचारायचा, रागावलं की काय म्हणायचे हो ते? भाकरीबरोबर काय लागायचं त्यांना? एक काहीतरी खरं हाताला लागलं की मगच लिहायचा. मी म्हणायचो, "येड्या, जुनंच नाव बदलून दे की. कोण बघतंय?"

त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर. "मयताला नवं कापड लागतं, गड्या. दुसऱ्याचं घालत न्हाईत. माझं भाषण एकाचं दुसऱ्याला व्हत न्हाई. घालून बघू दे कुणी, भर सभेत उसवंल."

लय ऐट होती त्याला त्याची. दुसरी होतीच कुठं? एकदा एका मानपत्राखाली बारीक टायपात त्यानं स्वतःचं नाव घालायला सांगितलं. गिऱ्हाईक म्हणालं, "मानपत्र आमच्या मामांना हाय का तुमास्नी?" गजाननच मला म्हणाला, "काढ रं ते." चिमट्यानं एकेक अक्षर काढलं. तो बघत उभा होता. वर गिऱ्हाइकाला म्हणाला, "आता कागद कसा मोकळा दिसतोय."

गेल्या महिन्यात असाच कडेगावला गेला, मयताची माहिती घ्यायला. येताना गाडीतच गेला. खिडकीला डोकं टेकून. कंडक्टर हलवून म्हणत होता, "पावनं, सांगली आली."

सावडून आम्ही परत येतोय, तर दारात कडेगावचा माणूस उभा. हात जोडले त्यानं. म्हणाला, "लय वाईट झालं. पर त्यांच्या खिशात कागुद हुता का काय? आमचा दहावा जवळ आलाय."

यालाच लेखनाची मागणी म्हणतात.

काल सुमनवहिनींनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "भावजी, उद्या समदी बोलतील ते मला पाठ हाय. लिहून झालं की आधी मलाच वाचून दाखवायचे. तुमी एक तरी वाक्य त्यांच्यावरचं बोला. खरं."

एक वाक्य. मंडळी, आज इथं सहा जण बोलले. सापडलं का तुम्हाला?

म्हणून, आबासाहेब, रागावू नका, बसा. शिवाराला पाणी दाखवलं ते आष्ट्याच्या एका बागायतदारांनी. नदीवरून पाइप आणला त्यांनी. ते वारले तेव्हा गजाननच आष्ट्याला जाऊन आला होता, आणि तुम्ही हेच भाषण वाचलं होतं. कागदही तोच आहे, घडीवर फाटलेला. तुम्हाला तरी दोष कसा द्यायचा? लिहिणाराच गेला, मग त्याच्यासाठी नवं आणायचं कुठनं?

पण गजाननचं चुकलं. कुठं उसवलं नाही. नीट बसलं अंगाला. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. फक्त वहिनींनी मान वर केली. मी बघत होतो.

आता उभे राहू या आणि जरा गप्प राहू या. त्याच्या शब्दांवर आपण पुष्कळ बोललो, घटकाभर त्याच्यासाठी आपल्या पदरचं गप्प बसणं देऊ.

आणि वहिनी, तुमचं ते एक वाक्य. गजानन खटावकरच्या घरात नळ नाही.

गप्प राहून झालं की वहिनींना आधी वाट द्या. चौकातल्या नळाला पाणी यायची वेळ झालीय, घागर रांगेत ठेवून आल्यात त्या.