हळदीच्या दुपट्ट्यावर चुन्याचा हात

…नाई नाई, हसा! हसून घ्या पोटभर! बडनेऱ्याच्या टेशनापासून इथलोक जो भेटला तो हसलाच, मंग तुमीच काहून मागं राह्यता? सदरा पिवळा, टोपी पिवळी, खिशातली नाक पुसाची दस्ती बी पिवळीच… या वयात नवरदेव नाई झालो मी, तुमाले सांगतो! ही फॅशन हाय. सस्टेनेबल! म्हंजे काय ते मले नका इचारू, माह्या पोरीले इचारा. कापली तिनं, शिवली तिनं, रंगवली तिनं… का बा भगवंता, तू हे घालशीन का, असं मले कोनी इचारलं काय?

पोरगी म्हंजे रागिणी. अमरावतीले फॅशन डिझाइन शिकते. मले वाटलं ब्लाउज-परकर शिकन, गावातच मशीन टाकून देऊ. कायचं! सुट्टीत घरी आली का चुलीवर हे मोठं पातेलं! कांद्याचे फोतरं, डाळिंबाचे सालटं, पळसाचे फुलं, गंजलेले खिळे… हो, खिळे! एक दिवस वावरातून आलो, भूक लागेल, झाकन काढलं, लालभडक रस्सा दिसला, वाटीत घेतला, भाकर बुडवली… "बाबाऽऽ! तो रंग हाय!" अर्धी भाकर पोटात गेल्यावर सांगते! वरून म्हने, "काही होत नाही बाबा, नैसर्गिक आहे." नैसर्गिक! तुमाले सांगतो, दुसऱ्या दिवशी जे झालं ते बी नैसर्गिकच होतं, पन मी अशा रंगाचं कवा पाह्यलं नव्हतं!

मंग तिचं भाषन. "बाबा, दुकानातले रंग विषारी असतात, ते पानी नदीत जाते, जमीन मरते." मी म्हनलं, माय, त्या जमिनीवर मी आन कापसाच्या फवारन्यांनी आधीच येवढं करून ठेवलं हाय का तुह्या रंगासाठी काही उरलंच नाई. कापसाले भाव नाई म्हनून झेंडू लावला, तं झेंडूले भाव नाई. गावोगावचे लोकं तेच करून राह्यले न! मार्केटात नेला झेंडू का अडत्या तोंड फिरवते, वापस आनाले गाडीभाडं कोन देईन, मंग रस्त्याच्या कडेले ओता आन या घरी. ढोरं बी खात नव्हते शेवटी. रागिणी म्हने, "फेकू नका, मले द्या." देल्ला. फुकट जाते त्याचं काय?

आता मेन गोष्ट. माहा पोरगा, जीवन. सोन्यासारखा पोरगा, सुपारीचं खांड खात नाई. पन शेती करते! झालं! या वर्सांत आमच्याकडं शेतकऱ्याच्या पोराले कोनी पोरगी देते काय? पोरीचा बाप येते, बसते, चहा घेते, "मुलगा काय करतो?" "शेती." का कप तिथंच ठेवला अर्धा! एक तं म्हने, "पानठेला असता तरी देल्ली असती हो!" जीवन चहाचे कप उचले आन आतमंधी जाये.  माही बायको पार्बताबाई चुलीपाशी डोये पुसे आन धुरावर नाव घाले. तिशी उलटली पोराची!

तशात अकोटचं स्थळ आलं. श्रावनभाऊ म्हनून मानूस, जिनिंगवर काटा सांभाळते, त्याची पोरगी कौशल्या. पोरीनं जीवनले पाह्यलं आन सरळ म्हनली, "शेती चालन." मी खुर्चीवरून पडता पडता वाचलो! तुमाले सांगतो, कानावर इस्वास बसेना. "पन एक," म्हने, "तंबाखू-खर्रा नाई चालनार. आमच्या बाबाचं तोंड आता दोन बोटं बी उघडत नाई, घास चेपून चारा लागते. मी माह्या घरी तेच नाई पाहनार." आमी सारे एका सुरात — नाई नाई नाई! आमच्या घरात? तंबाखू? मी तं छातीवर हात ठेवून सांगतलं, मी बी सोडली. सोडेलच होती! मांगच्या पोळ्याले जीवनच्या डोक्यावर हात ठेवून पार्बताबाईले वचन देल्लं होतं. मंग?

साक्षगंध ठरलं दसऱ्यानंतर, अकोटले. आता आपल्याकडं साक्षगंध म्हनलं का दुपट्टा-टोपी आलीच, पाहुन्याच्या गळ्यात दुपट्टा पडला नाई तं पाहुना जेवते काय? बाजारात भेटतात न गठ्ठ्यानं! पन नाई. रागिणी म्हने, "मी रंगवते, सारे दुपट्टे झेंडूच्या रंगात, आपल्या वावरातला रंग इवायाच्या गळ्यात!" पार्बताबाईले रडू आलं, "किती छान बोलते व माही बाई." ठरलं. मले कोनी इचारलं काय? पोरीनं त्याच्यासाठी एक वाफा राखून ठेवला.

आन दसऱ्याले भाव चढला!

आता तुमी सांगा. सालभर ज्या झेंडूले कुत्रं हुंगत नव्हतं त्याच्यासाठी लोकं एकमेकाचे थैले ओढून राह्यले, आन मी एक वाफा राखून घरी बसू? तोडला सारा! इकला सारा! रागिणी संध्याकाळी आली, वाफा पाह्यला… खुंटं! "बाबा, माहा झेंडू?" मी म्हनलं, तुहा कसा, वाफ्यावर नाव लिहेल होतं काय? पोरगी खुंटं उपटत बसली. तिची माय तिच्या वाटचं बोलली. शेवटी पोरीनं हळद काढली. घरची हळद, तुरटीचं पानी, उकळले दुपट्टे, संगं जीवनचा नवा सदरा बी. काय रंग आला म्हनता! आंगन पिवळंधम्मक! मी म्हनलं, पाह्य, झेंडूपेक्षा भारी. तं म्हने, "भारी हाय, पन बाबा, हळदीले चुना चालत नाई. चुन्याचा हात लागला तं रंग बिघडते. तिथं तंबाखू घोटनारे लई असतीन. तुमी इवायाले सांगा, दुपट्टा गळ्यात हाय तोपर्यंत डबी काढू नका म्हना."

मी सांगू! अकोटच्या मांडवात, इवायाले, त्याच्याच दारात, तंबाखू खाऊ नको म्हनून! अहो, मानूस उठून जाईन का नाई? ज्या मानसानं शेतकऱ्याच्या पोराले पोरगी देल्ली त्याचं तोंड मी बांधू? आन हे काम मलेच काहून? मले कोनी इचारलं काय?

तरी बी सांगतलं. आडून-आडून. टिळा झाला, दुपट्टे गळ्यात पडले, अकोटचे लोकं हात फिरवून पाहून राह्यले, "वा, पोरीनं रंगवले काय?" रागिणी फुलून गेली. मी श्रावनभाऊच्या कानाशी गेलो. "इवाई… तंबाखूचं जरासं…" पुढचं बोलूच देल्लं नाई! "अरे! इवाई संकोच काहून करता!" म्हने, आन काढली डबी! "ए, इवायाले तलफ आली! आना रे सारे आपापल्या डब्या!" ज्याच्या मनात नव्हतं त्याले बी आठवन झाली! पटापट हातावर पडली तंबाखू, पटापट चुना, अंगठे घोटून राह्यले, टाळ्या वाजून राह्यल्या! माह्या हातात बी डबी देल्ली, "घोटा इवाई, आज तुमच्या हातची खाऊ." आता नाई म्हनू? धरली मी डबी. नुसती धरली.

घोटून झाली का मानूस बोटं कुठं पुसते? तुमी कुठं पुसता? पुढं लोंबते त्यालेच न!

तेवढ्यात श्रावनभाऊची माय गोदाबाई, ऐंशीच्या घरातली म्हातारी, नातजावयाले पाहाले बाहेर आली, लेकाकडं पाह्यलं आन अशी किंचाळली का साऱ्यायच्या माना वळल्या! "रक्तऽऽ! माह्या श्रावनले कोनं मारलं वंऽऽ!" पाहतो तं काय! श्रावनभाऊच्या छातीवर, बरोबर काळजाच्या जागी, लाल! लालभडक! रागिणी म्हनली होती "बिघडते"… अहो, असं बिघडते काय! त्याच्या भावाच्या पोटावर लाल! कौशल्याच्या मामाच्या गळ्याशी लाल! जिकडं पाहा तिकडं भोसकेल मानसं आन सारे उभे! श्रावनभाऊनं स्वताची छाती पाह्यली, चाचपली, चेहरा पांढराफटक, "मले तं दुखून नाई राह्यलं," म्हने, आन मटकन खाली बसला, "म्हंजे आत लागलं!" कोनी म्हने जीप काढा, अकोल्याले न्या! कोनी म्हने हलवू नका! मामा तं आडवाच झाला, "माह्या लेकरायले सांभाळा" म्हनून राह्यला! मले मालूम होतं का चुना हाय, पन तुमाले सांगतो, मी बी आपल्या बरगड्या चाचपल्या!

आन आमची हुशार पोरगी काय करते? "रक्त नाई हो, रक्त नाई, हे पाहा!" म्हनत पोह्याच्या ताटातलं लिंबू उचललं आन पिळलं श्रावनभाऊच्या छातीवर. लालाचं पिवळं झालं! सरसर!   मले वाटलं सुटलो. तं गोदाबाई मांगं सरकत सरकत म्हने, "लिंबू… हळद… करनी! करनी केली व माय!" पुन्हा पळापळ! ज्याच्या पोटात सुरा होता त्याच्या आता मानेवर भूत!

शेवटी कौशल्याच आतून आली. बापाच्या हातची डबी घेतली, चुन्याचं बोट पिवळ्या टोकाले लावलं. लाल. बोट आजीसमोर धरलं. "आजे, तूच तं सांगते, तुमच्या वेळी हळदीत चुना घालून कुकू घरी करत. ते हे." गोदाबाईनं हुंगलं, पाह्यलं, आन खुदकन हसली. "बाप्पा! श्रावन्या कुकू लावून बसला!" सारा मांडव हसला. मामा उठून बसला, पोहे मांगतले.

पन तुमाले सांगतो, तिथंच खरा घात झाला. चुना लागला का लाल, हे आता साऱ्या बायकायले समजलं न! हसनं बंद. एकएक बाई आपापल्या नवऱ्याचा दुपट्टा उलटून पाहून राह्यली. "तुमी सोडली होती न?" "आन हे काय, देवाचा प्रसाद काय?" मानसं दुपट्ट्याच्या घड्या करून काखेत दाबून राह्यले! जीवन मात्र ताठ उभा. समोरून कोरा, पिवळाधम्म. माही छाती हीऽऽ फुगली. कौशल्यानं पाह्यलं, लाजली. मंग तिचा मामा म्हने, "जावईबापू, वळा बरं."

जीवन वळला.

सदऱ्याच्या पाठीवर आख्खा पंजा. लाल.

 जीवनले काय समजते, त्याले आपली पाठ दिसते काय? "मी नाई खात हो, खरंच नाई खात," म्हनून राह्यला, जो तो दुसरीकडं पाहून राह्यला.  कौशल्यानं ओटीतला नारळ काढला, ताटात ठेवला. "बाबा, मी सांगतलं होतं." बस. जीवननं ते ताट पाह्यलं, आन… तोच चेहरा, हो. कप उचलून आत जाताना असे तोच. पाहवलं नाई मले.

ही करंगळी पाहा. डाव्या हाताची. अर्धी हाय. मांगच्या साली झेंडू तोडताना विळा लागला तवापासून. आन त्या लाल पंज्याची करंगळी… अर्धी.

आता तुमी म्हनसान, भगवंता, तू तं डबी नुसती धरली होती! अहो, इवायानं "घोटा" म्हनल्यावर मानूस किती वेळ नुसती धरन? उजव्या चिमटीत तंबाखू होती, टिळा लावेल पोरगा समोर दिसला, मन भरून आलं, मंग पडला डावा हात पाठीवर, "शाब्बास लेका!" म्हनून! बापानं पोराच्या पाठीवर हात ठेवू नाई काय?

मी गेलो पुढं. साऱ्या मांडवासमोर. बोललो काही नाई, बोलता येतच नव्हतं, गालात अजून होती न! डावा हात उचलला आन त्या पंज्यावर ठेवला. बोटाले बोट, करंगळीले करंगळी.  कौशल्यानं माहा हात पाह्यला, जीवनचं तोंड पाह्यलं. आन वाकून नारळ उचलला, पुन्हा पदरात घेतला. श्रावनभाऊ माह्या कानाशी म्हने, "इवाई, वाचवलं तुमी." मी म्हनलं, हो, त्याले वाचवलं. मले कोन वाचवन? कारन पार्बताबाई पाहून राह्यली होती. नुसती पाहून राह्यली होती. अकोट ते दर्यापूर, दर्यापूर ते घर, एक शब्द नाई! मानसानं जोरात भांडावं हो, असं चूप बसू नाई!

दुसऱ्या दिवशी उठलो तं आंगनात पातेलं. आन दोरीवर माहे सारे सदरे, टोप्या, दस्त्या, अंगात घालायची बंडीसुद्धा. पिवळे! पांढरं एक चिंधूक ठेवलं नाई. "आता करा मजा," येवढंच बोलली पार्बताबाई. आन रागिणी! तिचं तं नशीबच उघडलं! अकोटहून फोन, "बाई, आमच्या यायले बी एक शिवून दे." मामीचा फोन! गोदाबाईचा फोन! दर्यापूरहून, अंजनगावहून! कोनी नक्षी इचारत नाई, काही नाई, फक्त हळद पक्की पाहिजे. कालिजातल्या मॅडम म्हने, "रागिणी, यू आर अ डिझायनर!" अर्ध्या वऱ्हाडातले नवरे पिवळे होऊन राह्यले, याले डिझाइन म्हनते का पोलीस खातं? मानसं रस्त्यात भेटले का एकमेकाले पाहून मान खाली घालते. आता लग्न तुळशीनंतर हाय, आन वरातीचे सारे फेटे, सारे म्हंजे सारे, हळदीचे! मले कोनी इचारलं काय?

नाई, एक जन इचारते. रोज. दारात पाय ठेवला का पार्बताबाई इचारते, "वळा बरं."

चला, निघतो मी, घरी वाट पाहून राह्यली असन ते… काय म्हनता? खिशाजवळ? कुठं?… अरे बाप्पा! बडनेऱ्याच्या फलाटावर एक जुना दोस्त भेटला होता हो… नाई, नुसती धरली होती डबी!… बरं ते राहू द्या. तुमच्यात कोनापाशी लिंबू हाय काय?