कातड्याची आतली बाजू

सिग्ने : उंबऱ्यावर पाय ठेवलास तर छातीत गोळी घालीन, मर्डॉक! माझं कुत्रं मारलंस तेवढं पुरे.

मर्डॉक : अंगावर आलं, मेलं. ए बाई, कुंपणावरचं कातडं आत का नेलंस? टाक बाहेर. गुरांच्या कंपनीचा मुकादम आहे मी, दारात भीक मागायला आलेलो नाही.

सिग्ने : सकाळी घोड्यावर बसल्या बसल्या ते बघून गेलास, आणि तासाभरात माझ्या नवऱ्याला नदीकाठी लाकडं तोडताना धरलंत. मेंढपाळानं पाहिलंय. आधी ओलावला सोड, मग कातडं.

मर्डॉक : चोर आहे तुझा ओलाव. आमच्या गाईवर एकच तिरकी रेघ असते. त्यानं तिच्यावर दुसरी रेघ डागली, फुली केली आणि गाय कापून खाल्ली.

सिग्ने : फुली आमचाच डाग आहे! आणि चोर असता तर कातडं कानांसकट, डागासकट कुंपणावर टांगलं असतं का रे? जनावर कापलं की कातडं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसलं पाहिजे, ही सगळ्या वायोमिंगची रीत. आम्ही रीत पाळली. चोर कातडं पुरून टाकतो.

मर्डॉक : लई शहाणी. एझ्रा, ओत रॉकेल दारावर. धुरानं येईल बाहेर.

एझ्रा : बाईमाणूस आहे आत, मुकादम.

सिग्ने : एझ्राकाका? अगं बाई, तुम्हीसुद्धा? गेल्या हिवाळ्यात बर्फात पाय गोठून पडला होतात, तेव्हा ओलावनंच पाठुंगळी मारून आणलं होतं ना तुम्हाला? ह्याच चुलीपुढे झोपला होतात आठ दिवस.

एझ्रा : आठवतंय गं.

सिग्ने : मग तुम्हीच बघा. चाळीस वर्षं गुरं डागलीत तुम्ही. हे घ्या, खिडकीतून टाकते. मर्डॉक, जागचा हललास तर बघ, बंदूक तुझ्यावरच आहे. काका, उलटं करा ते. मागाहून डागलेली रेघ आतून उमटत नाही. चोरीची गाय असेल तर आतल्या बाजूला एकच रेघ दिसेल. खरं की नाही?

एझ्रा : खरं आहे.

मर्डॉक : काही बघायचं नाही. आण इकडे.

एझ्रा : थांब, मर्डॉक. उजेडात धरू दे.

सिग्ने : काय दिसतंय?

एझ्रा : अरे देवा.

सिग्ने : बोला ना!

एझ्रा : दोन्ही रेघा आहेत. सारख्याच जुन्या. वासरू असताना एकाच दिवशी डागलेल्या. मर्डॉक, गाय त्यांचीच होती रे. त्यांचीच होती!

मर्डॉक : बोंबलू नकोस. ओत तेल त्याच्यावर आणि पेटव.

एझ्रा : नाही.

मर्डॉक : म्हातारड्या, हे कातडं न्यायाधीशापुढे गेलं तर तू आणि मी दोघंही लटकू.

सिग्ने : लटकू म्हणजे? माणूस नुसता धरून ठेवला म्हणून कुणी फाशी देतं का?

मर्डॉक : एझ्रा, शेवटचं सांगतो. टाक ते खाली, नाहीतर आधी तुलाच उडवतो.

एझ्रा : उडव. एकदाचा सुटेन तरी.

(बंदुकीचा बार.)

मर्डॉक : पोटात... भवाने, पोटात मारलंस...

सिग्ने : दुसरी गोळी भरलेली आहे, लक्षात ठेव. काका, त्याचं पिस्तूल घ्या. लागलं नाही ना तुम्हाला?

एझ्रा : नाही. घेतलं पिस्तूल. आता तो कुठं जात नाही. फार रक्त चाललंय.

सिग्ने : जाऊ दे मसणात. मला ओलावकडे न्या आधी. कंपनीच्या गोठ्यात कोंडलंय ना त्याला? त्याचा घोडा आहेच तिथं, येईल बसून. चला ना, असे बघत काय उभे राहिलात?

एझ्रा : गाडी जुंप, पोरी. एखादं घोंगडं घे.

सिग्ने : मारलंत का त्याला? हातपाय मोडलेत?... काका?

एझ्रा : नदीकाठच्या झाडाखाली जायचंय आपल्याला. आम्ही इकडे निघालो त्याच्या आधीच झालं ते.

सिग्ने : खोटं! खोटं बोलताय तुम्ही! मी कातडं दिलं ना तुमच्या हातात! दोन्ही रेघा आहेत म्हणालात ना!

मर्डॉक : सांग की तिला... सगळं माझ्याच माथी मारू नकोस... घोडा कुणी हाकलला ते सांग.

सिग्ने : कुणी?

एझ्रा : फास मुकादमानं घातला. ओलाव घोड्यावर बसलेला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काका, तुम्ही तरी ते उलटून बघा.’ आणि मी घोड्याला चाबूक मारला.