परीक्षकांपुढचा पाठ

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. एक शाळेतल्या जुन्या बाई आणि दुसरी त्यांच्या वर्गावर गणित शिकवायला शिकणारी मुलगी.

"उद्या परीक्षक येणार. तू कागदाची घडी घालून अर्धा आणि पाव दाखव. दरवर्षी सगळ्या नवीन मुली तोच पाठ घेतात."

"बाई, वर्गाला तो तोंडपाठ झालाय. काल मी घडी घालायला विसरले, तर मागून आवाज आला, 'बाई, आता घडी.'"

"बघ, किती तयार वर्ग दिलाय तुला!"

"पण एका मुलीनं विचारलं, अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा?"

"मग काय सांगितलंस?"

"पुढच्या वर्षी शिकवतील म्हटलं."

"शाब्बास! झालीस की शिक्षिका."

"नाही हो बाई. त्या बिचारीनं पुन्हा हात वर केला नाही. उद्या मी तिचाच प्रश्न घेणार."

"परीक्षकांपुढे? नापास व्हायचे डोहाळे लागलेत का तुला?"

"तुम्ही आत्ता समजावून सांगा, म्हणजे नाही होणार."

"मी?"

"इतकी वर्षं शिकवताय ना?"

"शिकवतेय गं. पण मला कधी कुणी विचारलंच नाही."

माझी बस आली. घरी वाट पाहणारी बायको आता नाही, म्हणून मी बस जाऊ दिली.

"मग परीक्षकांनाच विचारू का?"

"खबरदार! त्यांना गणित मीच शिकवलंय."